गिरदावराची सायकल

चांदभाई सुतार कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेराने वाजवून बघत. लाकूड असो, माठ असो, टरबूज असो. लग्न होऊन मी शिरड शहापूरला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा उंच, पाठीत वाकलेला शेजारी आमच्या दारात आला, चौकट वाजवली आणि मला म्हणाला, "बाई, ही तीन पावसाळे काढील. बाभळीची न्हाई. फसवलं तुमाला." नव्या नवरीला पहिला शब्द हा! चौकट चार पावसाळे टिकली. त्या चौथ्या वर्षी ते येता-जाता तिच्याकडे असे रागाने बघत, की मलाच त्या चौकटीची दया यायची.

माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. आमचं अंगण आणि चांदभाईंचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी मातीची भिंत होती. तिच्यावरून मला त्यांचा सगळा संसार दिसे. बायको पोरी लहान असतानाच गेलेली. मुमताज आणि जैनब या दोन मुली त्यांनी स्वतःच्या हाताने न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून वाढवल्या होत्या. वेण्या मात्र चऱ्हाट वळावं तशा घालत. पोरी दिवसभर डोकं धरून फिरायच्या.

धंदा बैलगाडीच्या चाकांचा. मधोमध बाभळीचा तुंबा, त्यातून कडेला जाणारे बाभळीचे आरे आणि वरून लोखंडाची धाव. शेणकुटांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर उतरवायची आणि घागरी ओतायच्या, म्हणजे ती आवळून बसे. वाफ निवली की चांदभाई चाकाला कान लावून आरे एकेक करून वाजवत. "बराबर बसली," एवढंच म्हणत. मग गाडीवाल्याने खुशाल ओझं लादावं. कारण चाक म्हणजे काय, तर ओझ्याखाली उभे राहिलेले आरे, हे त्यांना आज्याने शिकवलं होतं, आणि आज्याला त्याच्या आज्याने.

मोठी मुमताज हट्टा गावाच्या पुढच्या एका वाडीत दिली होती. पायी जायचं तर दिवस मोडायचा. तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा तिकडून माणूस चालत आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. चांदभाई चाक तासत होते. हातातला वाकस तिथेच टाकून निघाले. दोन दिवसांनी परत आले, आणि मी भिंतीपाशी गेले तेव्हा एकच वाक्य बोलले. "मी पोचलो तवा लोक हाताची माती झटकत येऊन राहिले व्हते." पोर आणि तिचं लेकरू, दोघंही गेली होती.

वर्ष उलटायच्या आत त्याच घरातून धाकट्या जैनबला मागणी आली. त्याच जावयासाठी. चांदभाईंनी हो म्हटलं. मी फार संतापले. भिंतीवरून ओरडलेच, "काहून देता हो? एक तिथंच गेली ना?"

ते गवताच्या काडीने दात कोरत बसले होते. म्हणाले, "पोरगा वाईट न्हाई, बाई. घर वाईट न्हाई. उशीर वाईट. एकदा झाला. आता न्हाई व्हऊ द्यायचा."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण जैनबची पाठवणी करून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी चावडीमागून ती सायकल आणली.

ती एका गिरदावराची होती. महसुलाचा तो साहेब बदलून गेला, सायकल मागे राहिली, आणि चावडीच्या परसात दहा-बारा पावसाळे पडून होती. तिच्यातून एक बोरीचं झाड उगवलं होतं. सीट कुत्र्यांनी खाल्लेली, टायर उंदरांनी. गंज इतका की हात लावला तर पापुद्रे निघत. चांदभाईंनी चावडीला नवं दार बसवून दिलं आणि बदल्यात ती मागून घेतली. पाटील हसत म्हणाले, "चांदभाई, दार देऊन गंज नेला." बोरीची फांदी सायकलीतून काढता येईना, तर त्यांनी सायकल कापली नाही, झाड कापलं.

मग आमच्या भिंतीपलीकडे तीन वर्षं तो कारभार चालला. चाकांचं काम सकाळपासून, आणि तिसऱ्या प्रहरानंतर सायकल. एका डेऱ्यात चिंचेचं पाणी केलं आणि सगळे सुटे भाग त्यात बुडवले. चार दिवसांनी बाहेर काढून विटेच्या भुकटीने आणि काथ्याने घासायला बसले. माझ्या चिंचा संपल्या, पाटलांच्या संपल्या. गावात आमटी आंबट व्हायची बंद झाली ती या सायकलीमुळे, असं मी म्हणायची. ते हसत नसत. एखादा नट सुटेना, तर त्याला तेल पाजून रात्रभर ठेवत आणि सकाळी म्हणत, "लोखंड बी रुसतं, बाई. जबरदस्ती केली का तुटतं."

तेलानेच एकदा घात केला. घरात तेल करडईचं. तेच त्यांनी चाकातल्या छऱ्यांना सढळ हाताने घातलं. उन्हाळा आला आणि ते तेल वाळून आत गुळाच्या पाकासारखं घट्ट बसलं. चाक जागचं हलेना. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा चिंच. मग गाडीच्या आखाला घालतात ते एरंडेल घातलं, आणि चाक फिरलं. पहिल्यांदा फिरलं तेव्हा ते उकिडवे बसून किती तरी वेळ नुसतं फिरवत होते. मी हाक मारली तरी ऐकू गेली नाही.

खरी अडचण मागच्या चाकाची होती. त्याच्या बारीक तारा निम्म्याहून जास्त गंजाने खाल्ल्या होत्या. जर्मनच्या लढाईचे दिवस, नांदेडलाही तारा मिळत नव्हत्या. चांदभाईंना त्या ताराच मुळात पसंत नव्हत्या. "हे काय आरे हायेत? चिपाडं हायेत. यांच्यावर मानूस कसा उभा राहील?" त्यांनी लोहाराकडून बोटाएवढ्या जाड सहा सळया आणल्या, तुंब्यापासून रिंगेपर्यंत मापात कापल्या आणि ठोकून घट्ट बसवल्या, गाडीच्या आऱ्यांसारख्या.

मास्तरांनी भिंतीवरून पाहिलं. मास्तरांना सायकल येत होती, शिकताना शहरात चालवली होती. ते म्हणाले, "चांदभाई, हे चाक तसं नसतं. सायकलीचं ओझं आऱ्यांवर उभं राहत नाही. वरच्या तारांना लटकतं."

"लटकून कोन चालतं, मास्तर?" चांदभाई म्हणाले. "लटकतो तो फासावरचा."

मास्तरांनी पाटीवर आकृती काढून दाखवली. चांदभाईंनी पाटी वाजवून बघितली आणि परत दिली.

टायरात अंबाडीचे दोर भरले होते, बसायला बाभळीचा घडवलेला पाट होता. त्या थाटात ते पन्नाशी उलटलेले गृहस्थ शाळेच्या मैदानात सायकल शिकले. मास्तर मागून धरत. उतार लागला की चांदभाई ब्रेक दाबायचं विसरून "हौ, हौ" असं बैलाला थांबवल्यासारखं ओरडत. सगळी शाळा बघायला उभी. मला हसू आवरत नसे, आणि मास्तर हसले म्हणून रात्री मीच त्यांना बोलत असे.

शिकून झाल्यावर पहिल्यांदा ते एकटे जैनबकडे निघाले आणि गावाबाहेरच्या ओढ्याच्या उतारावर मागचं चाक बसलं. सळया रिंग फोडून बाहेर निघाल्या. चांदभाईंचा डावा हात मनगटात मोडला. लोकांनी त्यांना बाजेवर घालून आणलं. सायकल मात्र त्यांनी दुसऱ्या बाजेवर आणवली.

हात बांधलेला, काम बंद. त्या दोन महिन्यांत ते अंगणात पुढचं चांगलं चाक मांडीवर घेऊन बसत. त्यावर एका हाताने भार देत आणि तारा एकेक करून वाजवत. वरची तार टणटण वाजे, खालची भदभद. चाक फिरवलं की वरची खाली येऊन भदभद होई आणि खालची वर जाऊन टणटण. हे त्यांनी किती दिवस केलं कोण जाणे. एका दुपारी मी धुणं वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. आवाजात रडल्याचा भास होता.

"बाई, मास्तरला सांगा. वजन लटकूनच ऱ्हातं. उमरभर मी उलटं समजत व्हतो."

सात पिढ्यांचं शहाणपण असं एका दुपारी खाली ठेवणं सोपं नसतं. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, हे करताना कुणी पाहिलं नाही. त्यानंतर तारा मिळेपर्यंत ते थांबले. एक गाडीवान नांदेडच्या बाजारातून जुन्या तारा आणि एक जुनी रिंग घेऊन आला, त्यांनी त्या तारा चिंचेत घालून, सरळ करून, कानाने सूर लावत एकेक बसवल्या. चाक असं झालं की फिरवलं तर नुसती सावली फिरतेय असं वाटे.

मग त्यांचा एक नेम सुरू झाला. महिन्यातून एकदा पहाटेची नमाज पढून निघायचं, वाडीत जायचं, जैनबला दारात उभी बघायची आणि तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेला परत. सोयऱ्यांच्या घरी बसायचं नाही, जेवायचं नाही. मी विचारलं, "एवढं जाता, तर दोन घास खाऊन का येत नाही?"

"मी भेटायला न्हाई जात, बाई. किती वेळ लागतो ते बघायला जातो."

जैनबच्या पहिल्या बाळंतपणाचा सांगावा आला तेव्हा चांदभाई सूर्य माथ्यावर असताना निघाले आणि ऊन कलायच्या आत पोचले. काही अडलं नव्हतं. सुईण होती, पोर सुखरूप सुटली. चांदभाईंनी काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. ते गल्लीत लिंबाखाली सायकल धरून उभे राहिले, आणि आतून लेकराचं रडणं ऐकल्यावर तिथेच खाली बसले. परत आले ते थेट आमच्या भिंतीशी. "पोचलो," म्हणाले. मुलगा झाला की मुलगी हे सांगायचं विसरले. मला दुसऱ्या दिवशी विचारावं लागलं.

निजामीच्या शेवटच्या वर्षी खेड्यापाड्यांतून बंदूकवाल्यांच्या टोळ्या फिरू लागल्या. आम्ही दिवसाढवळ्या दाराला अडसर लावून बसत होतो. त्या टोळीवाल्यांना सायकली हव्या असत आणि माणसंही. चांदभाईंना म्हणाले, आमच्यात ये. चांदभाई म्हणाले, "माझ्या सायकलला बंदूक लटकवायला जागा न्हाई." त्यांनी चांदभाईंच्या मुस्काटात मारली आणि सायकल मागितली. सायकल होती कुठं? तिची चेन माझ्या पिठाच्या डेऱ्यात होती, चाकं आमच्या कडब्यात. टोळ्या फिरू लागल्यापासून दर वेळी वापरून झाली की ते तिला सुटी करत आणि लागली की जोडत. या गोष्टीला सगळी गल्ली साक्षीदार होती. पण साक्षीला कोण उभं राहतं?

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामी संपली. आम्ही गूळ वाटला, आणि तो वाटताना मला खराच आनंद झाला होता, हे लपवत नाही. पण त्याच आठवड्यात खेड्यांतून वाईट बातम्या येऊ लागल्या. ज्यांनी जुलूम केले होते ते केव्हाच पळून गेले होते. मागे राहिले ते चांदभाईंसारखे. आमच्या गावात पाटलांनी बजावलं होतं, कुणी कुणाला हात लावायचा नाही, आणि कुणी लावला नाही. चांदभाई अंगणात बसून राहिले असते तर त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता.

हट्ट्याकडून एक गुराखी आला. पुढच्या वाड्यांतून मुसलमानांची घरं पेटवली, पुरुष मारले, बाया कुठं गेल्या ठाऊक नाही, असं सांगून तो निघून गेला. जैनबच्या वाडीचं नाव त्याने घेतलं नाही, पण वाट तीच होती. तिला तेव्हा दुसरं लेकरू झालं होतं, चार महिन्यांचं.

दुपारी चांदभाई सायकल घेऊन दारातून आमच्या अंगणात आले. आठ दिवस उघडीप होती, वाट वाळलेली होती. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली. मागचं कॅरिअर नव्या बोल्टांनी आवळलेलं दिसत होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी गंध लावून निघा. तुमाला वाटेत कोनी अडवनार न्हाई. तुमाला सायकल येती. जैनूला अन् लेकरांना मागं बसवून घेऊन या. चाक बसनार न्हाई, माझी जबान हाय."

त्यांनी इतक्या वर्षांत आमच्याकडे चिंचेशिवाय काही मागितलं नव्हतं.

मास्तरांनी सायकलीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारात मी उभी होते. मग म्हणाले, "चांदभाई, आजचा दिवस जाऊ द्या. काय हवा आहे ती बघू. उद्या सकाळी मी निघतो."

मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. मास्तर भित्रे नव्हते, पण मुसलमान बाईला पाठीशी बसवून आणणाऱ्या माणसाला त्या दिवसांत रस्त्यात काय विचारलं गेलं असतं ते आम्हा दोघांनाही समजत होतं. मी दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणू नका, हो म्हणू नका. आणि ते हो म्हणाले नाहीत.

चांदभाईंनी मान हलवली. "बराबर," म्हणाले. सायकल उद्यासाठी तिथेच टेकवून ठेवली आणि गेले.

सकाळी मास्तर अंघोळ करून, गंध लावून, फडक्यात भाकरी बांधून अंगणात आले. ते तयार झाले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. भिंतीपाशी सायकल नव्हती. वाळत घातलेलं त्यांचं धोतरही नव्हतं.

जैनब सहाव्या दिवशी आली. तांड्यावरच्या एका नाईकाने तिला आणि दोन्ही लेकरांना ज्वारीच्या रानात लपवलं होतं आणि मग कडब्याच्या गाडीत घालून लांबच्या वाटेने आमच्या गावात आणून सोडलं. तिचा नवरा गेला होता. ती मात्र धडधाकट होती. लेकरू अंगावर पीत होतं. ती बापाच्या बंद दाराशी उभी राहिली, मग भिंतीवरून तिने मला विचारलं, "काकू, अब्बा कुटं हायेत?"

तिला आणायला गेलेत, असं मी सांगितलं.

चार माणसं वाटेने शोधत गेली. सायकल मिळाली नाही. पुन्हा पाऊस लागला होता आणि ओढ्यांना पाणी होतं. पलीकडच्या एका गावाने सांगितलं, तीन-चार अनोळखी माणसं आम्ही पुरली, कोण ते माहीत नाही, कपडे सांगा. ती माणसं परत येऊन जैनबच्या समोर खाली मान घालून बसली.

"काकू, अब्बा काय नेसून गेले?" तिने विचारलं.

"धोतर," मी म्हणाले. "मास्तरांचं."

"अब्बाला धोतर न्हाई नेसता येत," ती म्हणाली. "तहमदशिवाय त्येंनी कधी काही नेसलं न्हाई."

त्यांनी आधी मास्तरांना जायला सांगितलं होतं आणि मास्तर उद्या म्हणाले होते, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, पुढेही नाही. ती आमच्या शेजारी अकरा वर्षं राहिली, माझी दोन बाळंतपणं तिनेच काढली, तरी नाही. आता मास्तरही नाहीत.

ती धोतराबद्दल म्हणाली ते मला ठाऊक होतं. त्या पहाटे मी घागर घेऊन आडावर गेले होते आणि ते मला दिसले होते. आडाच्या पलीकडे वाटेवर ते सायकल धरून उभे होते. कपाळाला गंध ओढलं होतं, मास्तर ओढत तसं उभं, पण फार जाड. दाढी कातरलेली. धोतर एका बाजूने घोट्यावर आलेलं, दुसऱ्या बाजूने गुडघ्यावर, आणि काष्टा निम्मा सुटून मागे लोंबत होता. मी ओळखलं आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "चांदभाई, काष्टा खोचा, चेनीत जाईल."

"व्हय, बाई," ते म्हणाले. ओशाळले. "न इचारता धोतर नेलं तुमचं. संध्याकाळी धुऊन देतो."

त्यांनी तो काष्टा ओढून कसाबसा खोचला, सायकलीवर टांग टाकली आणि निघाले. चाक जराही डगमगत नव्हतं. चढावर पोचेपर्यंत काष्टा पुन्हा सुटला. ते थांबले, उतरले, मान मागे वळवून तो खोचू लागले. जमेना, तसे पुन्हा बसून पुढे गेले. मी घागर खाली ठेवून बघत होते. एवढ्या लांबूनही मला कळत होतं की हा माणूस धोतर नेसणारा नाही.